टेकडीचं वय आणि गेटपास

गुरुवार, ११ डिसेंबर २००३. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. गुडगावच्या कडेला, अरवलीच्या एका उभ्या कापलेल्या टेकडीसमोर डॉ. विनया सबनीस गुडघ्यांवर बसून लोखंडी पाईप ठोकत आहेत. टेकडी निम्मी उरली आहे. तिथे सतरा मजली टॉवर येतो आहे आणि त्याचं नाव 'हिल व्ह्यू' आहे. ज्यांना हिल बघायची असेल त्यांनी घाई केलेली बरी.

विनयाबाईंना घाई आहेच. टेकडी कापताना लाल वाळूचा थर उघडा पडला आणि त्याच्या खाली आदिमानवाची दगडी हत्यारं, गाडली गेली तशीच. एरवी ती मोकळ्या माळावर मिळतात आणि कधीची ते कुणालाच सांगता येत नाही. इथे वाळूचं वय निघालं तर हत्यारं किमान तेवढी जुनी, असं ठामपणे म्हणता येईल. एका सरकारी प्रयोगशाळेत त्यांची एकोणीस वर्षं गेली. या काळात अशा चार जागा सापडल्या. चारही ठिकाणी परवानगीच्या कागदाआधी पार्किंग पोचलं. ही पाचवी. इथे उद्या सकाळी आठला या थराला लागूनच काँक्रीटची भिंत ओतायची आहे.

पद्धत सोपी आहे. वाळूच्या कणाने शेवटचा उजेड कधी पाहिला, हे यंत्र सांगतं. म्हणून पाईप थरात ठोकायचा, दोन्ही तोंडं बंद करायची, काळं प्लॅस्टिक गुंडाळायचं आणि प्रयोगशाळेत मंद लाल दिव्याखालीच उघडायचं. वाटेत ऊन लागलं की वय पुसलं गेलं.

साइट मॅनेजरचं यंत्रावाचून अडत नाही.

"मॅडम, ब्रोशर कल छपने जा रहा है. दो लाख साल लिख दें?"

"अभी पता नहीं है."

"तो ढाई लिख देते हैं. सेफ रहेगा."

अकरा वाजता तीन पाईप फाटकावरच्या टेबलावर ठेवून त्या गेटपासवर सही आणायला ऑफिसात गेल्या. फाटकावर मारुतराव शेलार होते. साताऱ्याकडचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त. आठवडाभर ते बाईंना चहा पाजत होते, कारण या पंचक्रोशीत मराठी बोलणारं दुसरं कुणी त्यांना भेटलेलं नव्हतं. याच टेकडीच्या वाळूने भरलेला ट्रक त्यांनी नुकताच सलाम ठोकून सोडला होता. बाई परत आल्या तेव्हा टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि त्यावर वाळूचे तीन सुबक ढीग होते. थंडीतलं छान ऊन पडलं होतं.

"मारुतराव, हे काय केलंत?"

"चेकिंग, ताई. ट्रकचं कोण विचारतंय? पण तुम्ही पडलात आपलं माणूस. मराठी बाईला तसंच सोडलं असं कुणी म्हणायला नको. काळजी करू नका, एक कण सांडलेला नाही. आत्ता भरून देतो."

"तिला ऊन लागलं."

"मग? मातीच तर आहे."

"ती हजारो वर्षं अंधारात होती. त्यावरूनच वय निघतं. आम्हीसुद्धा ती मंद लाल दिव्याखालीच उघडतो. आता यंत्र सांगणार, ही आजची."

मारुतरावांनी ढिगाकडे पाहिलं. "वय कमी करून घ्यायला आमच्या पलटणीत लोक दहा-दहा अर्ज करायचे. इथं दोन मिनिटांत झालं."

बाई हसल्या नाहीत. मारुतरावांनी वर्तमानपत्राची कडा उगाच सरळ केली.

मॅनेजरकडे त्या पुन्हा गेल्या. सही झाली की आजचा पास संपला, पुन्हा आत जाऊन वाळू घ्यायला नवा पास सोमवारी मिळेल, असं तो म्हणाला. सोमवारी भिंत असेल, असं त्या म्हणाल्या. "तो दीवार का सँपल ले लीजिए," त्याने सुचवलं.

फाटकावर मारुतराव हजेरीचं रजिस्टर उघडून बसले होते.

"ताई, पास साहेब लोकांना लागतो. मजुराला लागत नाही. त्याचं नाव मी आदल्या दिवशी लिहितो, झालं."

"लिहा. आणि बाहेर पडताना? पुन्हा उघडणार?"

"चेकिंग तर होणार. नियम आहे." त्यांनी पेन कानावर अडकवलं. "तुमच्याकडे लाल दिवा चालतो म्हणालात ना? आम्ही पोस्टवर रात्री नकाशा लाल टॉर्चवरच वाचायचो. जनरेटरच्या खोलीला खिडकी नाही. दार लावू, फट पोत्याने बुजवू, मग टोपण काढून बघतो."

"टॉर्च किती मंद?"

"शत्रूला दिसायचा नाही इतका."

"मग चालेल. पण बोट घालायचं नाही."

"नाही घालत."

त्यांनी लिहायला घेतलं. नाव विनया, बापाचं नाव भालचंद्र, काम बेलदारी. शिक्षणाच्या रकान्यात काय लिहू, असं विचारलं. बाई म्हणाल्या, सोडून द्या.

शुक्रवारच्या पानावर त्यांचा नंबर एक्केचाळीस आहे. मजुरांचं फाटक सकाळी सहाला उघडतं.