पंचफुलाने मांडलेली न्हाणी

किन्हीराजात पंचफुला कोणाला आवडली नाही, आणि तिलाही गावात कोणी आवडलं नाही. तिचं नाक बसकं, आवाज फाटका, आणि कोणी चांगलं बोललं तरी ती असं पाही की बोलणाऱ्याला वाटावं, आपण हिचं काही चोरलं की काय. कोणाला काही विचारायचं म्हणजे तिला जिवावर येई. चुलीसाठी विस्तव मागण्यापेक्षा ती थंड चुलीपाशी बसून राहील.

मानमोडीचा ताप गावातून फिरला त्या साली जगदेवचा बाप गेला आणि त्याच्या पाठोपाठ जगदेवची बायको कस्तुरा गेली. मागे दोन लेकरं राहिली, सात वर्षांची मनी आणि दुडदुडत चालणारा नाना. तिकडे शेलूबाजारच्या बाजूला त्याच तापात पंचफुलाचा नवरा गेला. सासरच्यांनी तिला हाकललं, भावाने ठेवून घेतली नाही. जगदेवला लेकरं धुवायला-पुसायला बाई हवी होती, पंचफुलाला छप्पर हवं होतं. माघात पाट लागला. वाजंत्री नाही, पंगत नाही. कस्तुराच्या नावाचा चांदीचा टाक पंचफुलाच्या गळ्यात बांधला, पहिलीने दुसरीवर कोपू नये म्हणून बांधतात तो, आणि झालं.

सासूने, चतुराबाईने, तिला उंबऱ्यातच सांगून टाकलं, "लेकराइसाठी आनली तुले. लेकरं हायेत तं तू हायेस. समजलं?"

"समजलं," पंचफुला म्हणाली. "बहिरी नाई मी."

मोठ्यांची न्हाणी स्वयंपाकघराला लागून होती, तिथे लेकरांना मज्जाव. चतुराबाईचं म्हणणं असं की पोरं पाणी उडवतात आणि मातीचं भिताड ओलं होऊन खाली बसतं. लेकरांसाठी मागच्या अंगणात, गोठ्याच्या कडेला, दोन डुगडुगते दगड टाकले होते. त्यांच्यावर शेवाळ, खाली चिखल. आंघोळीचं पाणी तिथेच साचे, त्यात गोठ्याचं मूत मिसळे, वर डासांचं घोंगावणं. लेकरं अंग धुवून निघत ती जाताना होती त्याहून घाण. मनीच्या बोटांत चिखल्या झाल्या होत्या, नानाच्या ढुंगणावर खरूज. होळीच्या आदल्या दिवशी नाना त्या दगडावरून घसरला आणि त्याची हनुवटी फुटली.

नेमका होळीलाच लेकरांचा मामा आला. जानराव मालेगावचा, कस्तुराचा सख्खा भाऊ, तोलून बोलणारा माणूस. त्याने नानाची हनुवटी पाहिली, त्याला उपडा करून खरूज पाहिली, मनीची बोटं फाकवून पाहिली. बैल विकत घेतानाही कोणी इतकं पाहत नाही.

"भाऊ, बसा, च्या करतो," पंचफुला म्हणाली. दुसरीने पहिलीच्या भावाला भाऊच म्हणायचं असतं.

"मले भाऊ म्हनू नको," जानराव म्हणाला. मग जगदेवकडे वळून, "पाव्हने, मी आखाजीले येतो, बहिनीच्या नावाची घागर भराले. तवा जर लेकराइचे असेच हाल दिसले, तं भाचे माह्या दमनीत बसतीन. मंग वापस मांगाले येऊ नका."

जानरावची बैलांची दमणी वेशीबाहेर गेली तशी चतुराबाई म्हणाली, "आयकलं? लेकरं मालेगावले, तू शेलूबाजारले."

पंचफुलाने जगदेवला न्हाणीबद्दल विचारलं. विचारलं म्हणजे सांगितलं, "लेकराइले नीट न्हानी पाह्यजे."

जगदेव बैलाच्या मानेला तेल लावत होता. "भिताडाले हात लावाचा नाई. गवंडी नाई, चुना नाई. मह्याजोळ त्याच्यापाई देयाले काई नाई."

"तुमाले मांगलं कोनं?"

चैतात चतुराबाई लेकीकडे मालेगावला गेली आणि पंचफुलाने पदर खोचला. आधी तिने ते दोन दगड उखडून फेकले आणि चिखल खरवडून उकिरड्यावर नेला. नाल्यातून टोपलीटोपलीने मुरूम आणला, पसरला, पाणी मारून धुमसाने ठोकला, परसाच्या बाजूला उतार देऊन. पावसाळ्यात फुटलेली छपराची कवेलू घरामागे ढिगाने पडली होती. ती उताणी, एकात एक सरकवून तिने नाली केली आणि ती वांग्याच्या वाफ्यात सोडली. तुराट्यांचे कूड बांधून तीन बाजूंनी आडोसा केला, त्याला शेणमातीने लिंपलं, वरून पांढऱ्या मातीचा हात दिला. तळ फुटलेला रांजण अर्धा पुरून त्याचा तळ शेणमातीने नव्हे तर चिकणमाती आणि राळेने बुजवला. पाणी टिकलं. कपडे टांगायला मेलेल्या बैलाचं शिंग कुडात खोवलं. नानाला धरायला त्याच्या छातीइतका खुंटा ठोकला.

मनी सारं पाहत होती, पण जवळ येत नव्हती. पंचफुलाला ती हाक मारीत नसे. काही हवं असलं तर नुसतं "ए" म्हणे. एका दुपारी तिने गेरूत हात बुडवून कुडावर ठसे उमटवले.

"वाकडे केले सारे," पंचफुला तिच्यावर खेकसली. पण पुसले नाहीत.

राहिला होता तो बसायचा दगड. तो सपाट हवा, डुगडुगायला नको, घसरायला नको. पंचफुलाने आजूबाजूला पाहिलं, तर गोठ्याच्या मागे एक दगडी चीप भिंतीला टेकून उभी होती. चांगली पुरुषभर लांब, तोंड भिंतीकडे. अंगावर पालापाचोळा चढलेला. तिने हात घालून आतली बाजू चाचपली. गुळगुळीत, एकसारखी, जणू कोणी वर्षानुवर्षं हाताने घासलेली.

घरात ती नवी होती. शेजारी विचारलं असतं तर कळलं असतं. पण विचारेल ती पंचफुला कसली.

चीप एकटीला हलेना. कुंपणापलीकडे धुरपताबाई उभी होती. काम सुरू झाल्यापासून ती तिथेच उभी असे, हातात सूप, पाखडायला काही नसलं तरी. कस्तुरा गेल्यावर धुरपताबाईने आपली धाकटी बहीण जगदेवला सुचवली होती. जगदेवने हो-नाही करत शेवटी पंचफुला आणली.

"पहार पाह्यजे काय वं?" धुरपताबाईने आपणच विचारलं.

"देत असान तं द्या."

धुरपताबाईने पहार दिली, वरून स्वतः येऊन एका बाजूने रेटाही दिला. चीप जागेवर बसली तेव्हा तिच्यावरून हात फिरवून म्हणाली, "लय चांगली चीप हाये बाप्पा. लेकरं सुखी राह्यतीन याच्यावर."

पंचफुलाने वाळूने आणि विटकरीने चीप घासली. दुसऱ्या दिवसापासून कडुलिंबाचा पाला घातलेल्या पाण्याने ती रोज लेकरांना तिच्यावर धुऊ लागली. मायेने नव्हे. तिने भांडी घासावी तसं लेकरांना घासलं. नाना बोंबले, ती म्हणे, "बोंबल, गावाले समजू दे तू जिता हायेस." पण चिखल्या सुकल्या. खरूज गेली. नाना खुंट्याला धरून आपणच पाणी मागू लागला.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी जानरावची दमणी आली आणि तिच्यात चतुराबाईही होती, मालेगावहून सोबतच. पंचफुलाने मुद्दामच वेळ साधली होती. लेकरं न्हाणीत होती, ओली, चकचकीत.

"या, पाहा," ती जानरावला म्हणाली. 'भाऊ' म्हणाली नाही. "फाकवा बोटं. करा उपडा."

जानरावने नानाला उचललं. ढुंगण पाहिलं, पाय पाहिले. त्याच्या कपाळावरची आठी सैल होत होती, तेवढ्यात चतुराबाई मागून आली आणि तिने असा हंबरडा फोडला की गोठ्यातल्या बैलाने कान टवकारले.

"अवं रांडे! हे चीप कोठून आनली तुनं?"

"गोठ्यामांगून. पडून होती."

"पडून होती? मयताची चीप हाये ते! या घरातलं मयत त्याच्यावर धुतात अन् पालथी लावून ठेवतात! माह्या धन्याले त्याच्यावर आंघोळ घातली, कस्तुराले घातली! अन् तिचेच लेकरं तू त्याच्यावर बसोतं? गऱ्यात तिचा टाक बांधून तिचेच लेकरं खाते काय वं?"

पंचफुलाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. 'मले माहीत नव्हतं' एवढं म्हणून भागलं असतं. खरंही होतं ते. पण तिच्या तोंडून ते निघालं नाही.

अंगणात माणसं जमली. एक म्हातारा म्हणाला, आधी पोरांना गोमूत्र पाजा. दुसरी म्हणाली, अशीला पाटालाच उभं करायला नको होतं. जगदेव गोठ्याच्या दाराशी उभा होता. जानरावने त्याच्याकडे पाहिलं.

"मले कायले पाह्यता? मी वावरात होतो. कुडाआड काय मांडलं, म्या कवा पाह्यलं?" जगदेव म्हणाला.

"मनी, कपडे घाल," जानराव म्हणाला. "बैल सोडू नका रे. लेकरं आत्ताच नेतो."

तेव्हा पंचफुला हलली. कुंपणाशी टेकवलेली पहार तिने उचलली. दोन माणसं मागे सरली. पण ती पहार तिने कुंपणापलीकडच्या धुरपताबाईसमोर धरली.

"हे पहार कोनाची हाये?"

"मले काय मालूम? मले वाटलं तुह्या सासूनं सांगतलं असंन," धुरपताबाई म्हणाली.

"अन् चिपेले रेटा कोनं देला? लेकरं सुखी राह्यतीन, कोनं म्हनलं?"

"अवं, पन—"

"धुरपताबाई," जानराव हळूच बोलला, "तुमाले चीप मालूम होती काय? होय का नाई, तेवढंच सांगा."

"मालूम तं साऱ्या गावाले हाये."

"अन् तरी रेटा देला? माहा भाचा रोज त्याच्यावर बसे, ते तुमी कुंपनातून पाहे?"

धुरपताबाईने सुपात काहीतरी पाहिलं आणि घरात गेली. पण तिच्या जाण्याने चतुराबाई थोडीच थांबणार?

"पहार कोनाचीबी असो. चीप काढ. लेकरं मह्यापाशी राह्यतीन नाई तं मामापाशी, हिच्यापाशी नाई!"

"नाई काढत," पंचफुला म्हणाली. "तुमच्या घरात एकच चीप सपाट, ते मेलेल्याइसाठी. अन् जित्या लेकराइले काय? शेवाळ अन् मूत! कस्तुरा जिती असताना लेकराइले कोठी धुये, सांगा ना! त्याच चिखलात ना? अन् मेली तवा हे चीप काढली तिच्यासाठी. लय उपकार केले! लेकराची हनुवटी फुटली तवा कोनं केला हंबरडा? आता फोडून राह्यले!"

"तोंड पाहा रांडेचं!"

"पाहा. मीबी तुमचंच पाहून राह्यलो."

जगदेव तिच्या हातातली पहार घ्यायला पुढे आला, चीप उखडायला. पंचफुलाने पहार टाकली आणि लुगड्यानिशी चिपेवर जाऊन बसली, साऱ्या गावासमोर. रांजणातला तांब्या भरला आणि डोक्यावर ओतला. मग दुसरा. लुगडं अंगाला चिकटलं, कुंकू ओघळलं, गळ्यातला टाक पाण्याने निथळू लागला. बाप्या माणसांनी माना वळवल्या.

"आता रोज आंधी मी बसन, मंग लेकरं," ती दात वाजवत म्हणाली, रांजणाच्या गार पाण्याने की रागाने कोण जाणे. "खायाचं असंन तिले तं आंधी मले खाईन. मी सवत हावो तिची, लेकरं पोटचे हायेत. माय लेकराले खाते काय हो, जानरावबुवा? तुमची बहीन अशी होती काय?"

हा प्रश्न जानरावला लागला. त्याने चिपेकडे पाहिलं. नानाचे पाय अजून त्याच्या हातात होते.

"दिवाळीलोक," शेवटी तो म्हणाला. "दिवाळी येईपावतर पाह्यतो. लेकराच्या केसाले जरी काई झालं, तं तुले या चिपेवर मी सोता निजोवतो."

"या. च्या मिळनार नाई."

"तुह्या घरचं पानीबी नको," जानराव म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी घागर भरून, न जेवताच दमणीत बसला. चतुराबाईने सुनेच्या हातचं खाणं सोडलं. ती मोठ्या न्हाणीच्या दाराशी वेगळी चूल मांडून बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चीप दाखवू लागली. जगदेव दोघींशीही बोलेना. गावात पंचफुलाला लोक आडून काहीबाही म्हणत, समोर म्हणायची छाती नव्हती.

पण लेकरं घरात राहिली.

दमणी गेल्याच्या दुसऱ्या सकाळी पंचफुला आधी स्वतः चिपेवर बसून भिजली. मग नानाला धुऊन काढलं. मनी मात्र कुडाच्या बाहेर उभी राहिली. तिने परवाच्या भांडणातला शब्दन् शब्द ऐकला होता.

"ए," मनी म्हणाली. "माह्या मायले इथंच धुतलं?"

पंचफुला खोटं बोलू शकली असती. "होय," ती म्हणाली. "याच चिपेवर."

मनीने दोन्ही पाय चिपेवर ठेवले, मग हळूहळू बसली आणि दगडावर तळहात टेकवून, जणू ऊब लागते का पाहत, तशीच राहिली. पंचफुलाने तांब्या ओतला तशी ती शहारली.

"लय थंडं हाये पानी. माय ऊन पानी घाले."

"मंग बोलाव तिलेच!"

मनीने अंग चोरलं. बसूनच राहिली, उठली नाही. पंचफुलाने तांब्या आपटला. आत गेली, आपली चूल थंड पाहून चतुराबाईच्या पेटत्या चुलीवरचं मडकं न विचारता खाली उतरवलं, आपलं पातेलं चढवलं आणि तिच्या सात पिढ्या उद्धरणाऱ्या सासूकडे पाठ करून चुलीत काटक्या सारत राहिली.