भरतीचा अर्धा तास

स्क्रीनवर लाल पट्टी आली होती. तिच्यावर लिहिलं होतं, ‘अनधिकृत बदल आढळला. कृपया विक्रेत्याशी संपर्क साधा.’

मच्छीमार सोसायटीचे चेअरमन पांडूदादा तांडेल यांनी ते मोठ्याने वाचलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "परबांनू, विक्रेत्याक संपर्क करूक सांगता. करा मगे."

विक्रेता म्हणजे मीच. निदान त्या किनाऱ्यावर तरी. पुण्याच्या एका कंपनीचा मी सर्व्हिस इंजिनिअर होतो. सोसायट्यांना कंपनीचे कॉम्प्युटर बसवून द्यायचे, चालवायला शिकवायचं, अडलं की धावायचं, हे माझं काम.

आणि तो अनधिकृत बदल करणाराही मीच होतो. हे मात्र त्या दिवशी मी सांगितलं नाही. पुढे नऊ वर्षं सांगितलं नाही. आता सांगून झालंय, पण तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं, म्हणून लिहून ठेवतो.

आधी मशीनबद्दल थोडं. कॉम्प्युटरमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम असते. बाकी सगळं तिच्या आधाराने चालतं. आमची कंपनी ती कुलूपबंद करून द्यायची. म्हणजे घर तुमचं, पण तुम्ही फक्त पडवीत बसायचं. आतल्या खोल्यांची किल्ली कंपनीकडे. त्या किल्लीला अ‍ॅडमिन पासवर्ड म्हणतात. कंपनीचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. लोक त्यात गेम टाकतात, व्हायरस आणतात, मग इंजिनिअरला मालवण ते पुणे फोन लावत बसावं लागतं. पण कुलूप इतकं पक्कं होतं, की स्क्रीनवरचं चित्रही बदलता येत नसे. काम नसलं की कंपनीचा लोगो डावीकडून उजवीकडे तरंगत जाई आणि भिंतीला आपटून परत येई.

सोसायटीच्या काउंटरवर शुभांगी कुबल बसायची. तिशीची, बारीक अंगाची, बोलायला फटकळ. बर्फाची चिठ्ठी, डिझेलची चिठ्ठी, होड्यांची यादी, सगळं तिच्याकडे. त्या खुर्चीवर बसलेली ती पहिली बाई, आणि खुर्चीचा तिला अभिमान होता. कीबोर्डवर रुमाल घालून ठेवायची.

तिची एकच तक्रार होती. त्या गावची जेटी खाडीच्या आत आहे. खाडीच्या तोंडाशी वाळूची आडवी पट्टी. ओहोटीला, म्हणजे तिथल्या भाषेत सुकतीला, होडी तिथे रुतून बसते. त्यामुळे चिठ्ठी न्यायला आलेला प्रत्येक माणूस आधी विचारणार, "शुभांगे, भरती किती वाजता गो?" ती दिवसाला शंभरदा सांगायची. शेवटी तिने पाटीवर खडूने तिथी आणि वेळ लिहून पाटी मॉनिटरच्या डोक्यावर टेकवून ठेवली. पंखा लागला की ती पडायची.

"काकानू," ती मला म्हणाली, "एवढो मोठो पडदो. तुमचो लोगो दिवसभर पोहत असता. तेच्या जागी भरतीचो टायम मावाचो नाय?"

मी पुण्याला साहेबांना फोन लावला.

"चेंज रिक्वेस्ट टाका," साहेब म्हणाले.

"सर, दोन ओळी दाखवायच्यात फक्त."

"दोन असोत की दोनशे, व्हर्जन बदलतं. नेक्स्ट रिलीजमध्ये बघू."

"ते कधी?"

"रोडमॅपवर आहे."

रोडमॅपवर म्हणजे कुठे, हे मला निवृत्त होईपर्यंत कळलं नाही.

पुढच्या भेटीत दुपारी शुभांगीने डबा उघडला. बांगड्याचं तिखलं आणि उकड्या तांदळाचा भात. तिने अर्धा मला वाढला. जेवून हात धुतले आणि मनात आलं, दोन ओळी तर आहेत. मी पासवर्ड टाकला आणि आतल्या खोलीत गेलो.

भरतीचा हिशेब किनाऱ्यावर लहान पोरालाही येतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात. पौर्णिमा पंधरावी, तिची पाऊणपट सव्वा अकरा. शुभांगीने भिंतीवरचं कॅलेंडर बघून तिथी सांगितल्या, मी टाकत गेलो. तासाभरात लोगो गेला आणि मोठ्या अक्षरांत आलं, ‘आज एकादशी. भरती सव्वा आठ.’

काउंटरसमोर गर्दी जमली. एका म्हाताऱ्याने स्क्रीनकडे बघून हात जोडले. शुभांगीने पाटी पुसून कपाटामागे टाकली. परतीच्या एसटीत मी एकटाच हसत होतो. नोकरीत इतकं सरळ, इतकं उपयोगी काम मी क्वचितच केलं होतं.

सतरा दिवस ते चाललं. अठराव्या दिवशी लाल पट्टी आली. एकही चिठ्ठी निघेना. कंपनीचं एक तपासनीस सॉफ्टवेअर रोज मशीन चाचपून बघतं, हे मला माहीत होतं. ते माझ्या दोन ओळींवर घसरेल असं वाटलं नव्हतं.

शुभांगीने हाताने चिठ्ठ्या लिहून होड्या सोडल्या. मी जेटीवर जाऊन साहेबांना फोन लावला.

"परब, साइटवर कुणी हात लावला?"

मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो. काँट्रॅक्ट दरवर्षी नव्याने व्हायचं. त्याच वर्षी कंपनीने परवानगीशिवाय पासवर्ड वापरल्याबद्दल दोघा इंजिनिअरांना घरी पाठवलं होतं.

"बघतो सर."

"पासवर्ड तुमच्याकडेच आहे ना?"

"पासवर्डचा कागद फाइलला होता, सर. क्लार्कने बघितला असेल."

"लिहून द्या."

मी लिहून दिलं. ‘युजरने अनधिकृत छेडछाड केली.’ चार शब्द. कंपनीने मशीन पूर्ववत केलं, नवा पासवर्ड माझ्याच हाताने घालून घेतला आणि सोसायटीला पत्र पाठवलं, की या युजरला काउंटरवर बसवू नये. कमिटीने शुभांगीला बर्फखान्यात पाठवलं. लोगो परत पोहायला लागला.

ती भांडली नाही. मला ते फार विचित्र वाटलं. मी पासवर्ड टाकताना ती माझ्या शेजारी उभी होती. एक शब्द बोलली असती तर माझी नोकरी गेली असती. ती मान खाली घालून उठली आणि कीबोर्डवरचा रुमाल तेवढा घेऊन गेली.

गावाने मात्र सोडलं नाही. पंप बंद पडला, मिक्सर जळला, एसटी पंक्चर झाली, की कुणीतरी म्हणणारच, "शुभांगीन हात लावल्यान काय रे?" मी तिथे असलो की सगळ्यांबरोबर हसायचो. ते हसणं आठवलं की अजून कान गरम होतात.

मी निवृत्त झालो. कुडाळला घरी बसलो. पुढे कंपनीही बंद पडली. यंदा जुलैत पांडूदादांचा फोन आला.

"परबांनू, मशीन परत तांबडा झाला. सर्व्हर गावना नाय म्हणता. विक्रेत्याक संपर्क करा म्हणता."

"कंपनी बंद झाली, दादा."

"विक्रेतो उरलो नाय, तुम्ही तरी उरलास मां? या."

सोसायटीत अजून तेच मशीन होतं. ते रोज कंपनीच्या सर्व्हरला विचारून मगच उघडायचं. विचारायला पलीकडे कुणी उरलं नव्हतं, म्हणून ते उघडत नव्हतं. आत सगळ्या होड्यांची यादी, परवान्यांचे नंबर. मासेमारी आठ दिवसांत सुरू व्हायची होती आणि यादी वर सरकारकडे पाठवायची होती. दोन टेक्निशियन येऊन गेले. दोघांनी एकच सांगितलं, फॉरमॅट करा, म्हणजे सगळं पुसून टाका.

पासवर्ड मला पाठ होता. माणूस बरंच काही विसरतो, पण लाज वाटते ते विसरत नाही.

मी पांडूदादांना म्हणालो, "येतो. पण कमिटी बसवा. आणि शुभांगीला बोलवा."

"ती कित्याक? परत बिघडवूक?"

"बोलवा तर."

मंगळवारी सकाळी मी पोहोचलो. कमिटीचे सात जण खुर्च्यांवर. शुभांगी बर्फखान्यातून आली, पायात गमबूट, साडी खोचलेली. दाराशीच उभी राहिली. मी कीबोर्डवर हात ठेवला नाही. उभा राहिलो आणि एका दमात सगळं सांगितलं. बांगडे, दोन ओळी, पासवर्ड, साहेबांचा फोन, चार शब्द. "तिने काही केलं नव्हतं. मी केलं आणि तिच्यावर घातलं," असं म्हणून बसलो.

मागे बर्फ फोडायचं मशीन घरघरत होतं.

पांडूदादांनी टोपी काढली. "म्हणजे नऊ वर्षां आमी ह्या चेडवाक, ह्या शुभांगीक..."

"दादानू, थांबा," शुभांगी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "मी पण हात लावलंय."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. मी तर सर्वांत जास्त.

"काकांची भरती अर्ध्या तासान चुकता हुती," ती म्हणाली. "तेंची भरती दर्यातली. पाणी खाडीत चढान जेटीक लागापर्यंत अर्धो तास जाता. दोन होडये वाळूत बसले. तुमका सांगूक गेलंय असतंय तर तुम्ही परत पुण्याक फोन लावलो असतास. तुम्ही पासवर्ड टाकताना मी बघलंय. पाचव्या दिवशी आत जावन अर्धो तास वाढवलंय. आणि मगे मशीन बंद पडला. माका वाटला, माझ्याच अर्ध्या तासान पडला. कागद इलो, तेच्यात माझा नाव. मी म्हटलंय, बरोबरच आसा."

मी नऊ वर्षं समजत होतो की ती माझं गुपित सांभाळतेय. ती बिचारी स्वतःचं सांभाळत होती. माझं खोटं तिने खरं मानलं होतं. चार शब्दांनी खुर्ची घेतली होती हे मला ठाऊक होतं. त्यांनी तिला स्वतःच्याच नजरेत गुन्हेगार केलं होतं, हे मला त्या मंगळवारी कळलं.

"थांब," मी म्हणालो. "आपण मशीनलाच विचारू."

प्रत्येक मशीन स्वतःची डायरी ठेवतं. तिला लॉग म्हणतात. कुणी, कधी, काय बदललं, सगळं त्यात उतरतं. आमच्या कंपनीच्या मशीनमध्ये ती फक्त अ‍ॅडमिनला दिसायची. कॉम्प्युटर सोसायटीचा, पण त्यात काय घडलं ते बघायची परवानगी सोसायटीला नव्हती. आणि मला होती, तर मी उघडली नव्हती. काय दिसेल ते माहीत होतं म्हणून.

मी पासवर्ड टाकला. सर्व्हरला बाजूला ठेवून आत शिरायची एक सर्व्हिसची वाट असते, तिने गेलो. लॉग उघडला आणि मोठ्याने वाचायला लागलो.

पहिला दिवस, दुपार. बदल केला. तो मी.

पहिला दिवस, संध्याकाळ. बदल आढळला, मुख्यालयाला कळवले.

पाचवा दिवस. दुसरा बदल. ती शुभांगी.

अठरावा दिवस. बदल काढायची मुदत संपली. पहिल्या बदलाबद्दल मशीन बंद.

"परत वाचा," शुभांगी म्हणाली.

मी परत वाचलं.

"पहिल्या बदलाबद्दल?"

"पहिल्या. माझ्या. तू अर्धा तास वाढवलास तेव्हा मशीनने मला आधीच पकडलं होतं."

ती दाराच्या उंबऱ्यावर गमबुटांसकट मटकन बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांना पदर लावला. मग कमिटीतले एकेक जण हसायला लागले.

पांडूदादा म्हणाले, "म्हणजे परबांनू, तुमचो रिपोर्ट अर्धो खरो हुतो."

"अर्धो खंयचो?" शुभांगी डोळे पुसत म्हणाली. "पाव. पाऊण काकांचो."

दुपारपर्यंत यादी बाहेर काढली. एकही होडी गळली नाही. मग मशीन पुसलं आणि त्यावर मोफत मिळणारी, कुणालाही उघडून बघता येईल अशी ऑपरेटिंग सिस्टिम घातली. कमिटीने तिथल्या तिथे ठराव केला, शुभांगी काउंटरवर. सभेच्या वहीत मी माझ्या अक्षरात लिहिलं, की बदल मी केला होता आणि खोटा रिपोर्टही मीच दिला होता. खाली सही केली. शुभांगीने ते वाचलं आणि ‘अर्धा तास शुभांगी कुबल हिने वाढवला व तो बरोबर होता’ एवढं मला पुढे लिहायला लावलं.

शेवटी नवा अ‍ॅडमिन पासवर्ड ठरवायचा होता. ती खुर्चीवर बसली, कीबोर्डवर बोटं ठेवली आणि थांबली.

"काकानू, तोंड तिकडे करा."

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. पासवर्ड लांबलचक होता. बराच वेळ टकटक चालली होती. इतक्या वर्षांत भिंतीकडे बघून एवढा आनंद मला झाला नव्हता.

नारळी पौर्णिमेला तिने मला बोलावून घेतलं. स्क्रीनवर लोगो नव्हता. ‘आज पौर्णिमा. भरती पावणेबारा.’ कीबोर्डवर तोच रुमाल, फक्त धुऊन विरलेला. गावाने दर्याला नारळ दिला, आणि बरोबर पावणेबाराला पाणी जेटीच्या वरच्या पायरीला लागलं. रंगवलेल्या होड्या एकामागून एक वाळूच्या पट्टीवरून निघून गेल्या. एकही अडकली नाही.

या सगळ्यातून मी शिकलो ते एवढंच. मशीन कुणाचं, हे कपाटातल्या कागदावर बघू नये. पासवर्ड कुणाकडे आहे ते विचारावं. आणि लॉग उघडायची सोय असेल तर नऊ वर्षं थांबू नये.

होड्या गेल्यावर मंडपातला लाउडस्पीकर खरखरून बंद पडला. गर्दीतून लगेच कुणीतरी ओरडलं, "परबान हात लावल्यान काय रे?"

सगळी जेटी हसली. मी हात वर केला.