दुर्बिणीनंतरचा पहिला वास

नाकातून दुर्बीण घालून करायचं ऑपरेशन नवंनवं होतं तेव्हा वर्ध्याच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर रोहणा गावचा एक किराणा दुकानदार होता. सायनसमध्ये बुरशी वाढून त्याचा डोळा सुजला होता. वास येणं तर कधीचंच बंद. डॉक्टरांनी बुरशीचं नाव काढताच तो नाक मुरडून म्हणाला, "बुरशी? आमच्या घरी लोणच्यालेही लागत नाई!"

पण डोळा जाईल या भीतीनं तो ऑपरेशनला तयार झाला. डोळा वाचला. काही दिवसांनी बायकोनं खिचडीचा डबा उघडला, तसा तो ओरडला, "कुबट वास येऊन राह्यला! कोन्या चोराची डाळ आणली?"

"आपल्याच दुकानातली," ती म्हणाली.

तो ओशाळेल म्हणून मी भिंतीकडे तोंड फिरवलं. तो मात्र गिऱ्हाइकांवरच चिडला, "मंग एवढे वर्षं लोकं काऊन बोलले नाई मले?"