तिण्णैवरचा सॅक्सोफोन

तंजावरच्या फलाटावर आई डब्याच्या खिडकीशी उभी होती आणि आशीर्वाद द्यायचा सोडून मला पाणी कसं प्यायचं ते सांगत होती. तिच्या हातात पितळेची लोटी होती. "कोठेंही जा रे, पण लोटीला ओठ लावू नको," म्हणाली. आमच्याकडे पाणी वरून धार धरून पितात, म्हणजे भांडं उष्टं होत नाही. हे तंजावरात शेंबड्या पोरालाही येतं. नोकरीवर निघालेल्या मुलाला ते चारचौघांत ऐकवल्यावर माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, व्हायोलिनची पेटी खिडकीतून आत सरकवली. गाडी हलली तेव्हाही आई लोटी उंच धरून उभी होती.

हे मी दोन घरांसाठी लिहितो आहे. एक तंजावरात राहिलेल्या बहिणीच्या मुलांसाठी. दुसरं, मला सॅक्सोफोन शिकवणाऱ्या लेस्टरच्या, ऑस्ट्रेलियात पर्थला असलेल्या नातवंडांसाठी, ज्यांना हे कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल. आमच्या घरातलं मराठी शेकडो वर्षांपूर्वी दक्षिणेत आलेलं, त्याला तमिळची फोडणी. लिहायचं मराठी मी मद्रासला शेजारच्या खोलीतल्या एका नागपूरच्या मास्तरांकडून शिकलो. चूक सापडली तर ती त्यांची समजा.

ती खोली तिरुवल्लिकेणीच्या एका मॅन्शनमध्ये होती. मॅन्शन हे नाव फसवं. एकट्या नोकरदारांना खाटेपुरती जागा भाड्यानं देणारी ती इमारत, आणि नाव मोठं लक्षण खोटं हे तिथल्या न्हाणीघरात पाय ठेवताच कळायचं. नोकरी शहराबाहेर आवडी नावाच्या गावी, लष्करी सामानाच्या डेपोत, कारकुनाची. पन्नासचं दशक निम्मं उलटत आलं होतं. शनिवारी अर्धा दिवस सुट्टी असे, आणि एका शनिवारी डेपोतला एक सहकारी मला परतीच्या वाटेवर पेरांबूरला उतरवून रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे रेल्वेवाल्यांच्या क्लबात, घेऊन गेला. तिथल्या नाचाच्या बँडला वॉल्ट्झसाठी व्हायोलिनवाला हवा होता.

बँड लेस्टरचा. लेस्टर हा रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर, अँग्लो-इंडियन, वयानं अप्पांच्या बरोबरीचा, आणि टेनर सॅक्सोफोन वाजवणारा. लढाईच्या काळात तो माउंट रोडच्या एका हॉटेलात रोज वाजवत असे आणि गोरे सोल्जर घामाघूम होऊन नाचत. मग दारूबंदी आली. लिंबू सरबत पिऊन माणूस किती वेळ नाचणार? हॉटेलांचे बँड एकेक करून मोडले. त्याचा पियानोवाला कलकत्त्याला गेला, ट्रम्पेटवाला मुंबईला सिनेमात, ड्रमवाल्यानं तिकीट तपासायची नोकरी धरली. लेस्टर वर्कशॉपमध्येच राहिला आणि शनिवारपुरता राजा झाला.

मला जॅझ म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मी लहानपणापासून मांडीवर ताल मोजत शिकलेला, समेवर बरोबर येऊन पोचणं हाच माझा धर्म. लेस्टर म्हणायचा, तू फार वेळेवर येतोस. जरा मागे राहा. बस चुकलेल्या माणसासारखा धावू नकोस, बस आपल्यासाठी थांबणार हे ठाऊक असलेल्या माणसासारखा ये. हे त्यानं इंग्रजी आणि तमिळ मिसळून सांगितलं होतं आणि ते कळायला मला बरेच शनिवार लागले. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी पेरांबूर स्टेशनपर्यंत मी वेड्यासारखा हसत चाललो. इतका आनंद मला तोपर्यंत कशानंच झाला नव्हता.

मग लेस्टरचे पुढचे दात गेले. सॅक्सोफोनचं तोंड वरच्या दातांनी धरावं लागतं. दात गेले की वाजवणारा संपला. त्यानं कवळी लावून पाहिली, ती सूर लांबवला की सुटायची. एका दुपारी तालमीला त्यानं सॅक्सोफोन गळ्यातून काढला, तोंडाचा तुकडा रुमालानं पुसला आणि माझ्यापुढे धरला. तुझा कान आहे, फुंकायचं मी शिकवतो, म्हणाला.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. समोर काळा, वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या तोंडात गेलेला तुकडा. त्यावर त्याच्या दातांचे ठसे. आणि माझ्या डोळ्यांपुढे फलाटावरची लोटी. लेस्टरला वाटलं मी वाजवायला घाबरतो आहे. तो माझ्या पाठीवर थोपटत राहिला आणि त्याच्याच दातांच्या खुणांवर मी माझे दात टेकवले. जो आवाज निघाला तो रेडा ओरडावा तसा होता. सगळा बँड हसला, मीही हसलो. मात्र आत कुठेतरी समजलं की तंजावर मी आत्ता सोडलं, त्या दिवशी फक्त गाडीत बसलो होतो.

दोनेक वर्षांत मी बरा वाजवू लागलो. लेस्टरनं वाद्य मलाच दिलं. मग मला एक अवदसा आठवली. नवरात्रात आमच्या घरी सरस्वतीपुढे पोथ्या, पुस्तकं, वाद्यं मांडतात. माझं व्हायोलिन लहानपणापासून तिथं मांडलं जाई. मी सॅक्सोफोन घेऊन तंजावरला गेलो. मला वाटलं, आईला सोनेरी चकाकी आवडेल.

आवडलीही. तिनं पेटीतलं वाद्य दुरून न्याहाळलं आणि हे कसं वाजवतात म्हणून विचारलं. मी मोठ्या ऐटीत उचललं आणि तोंडाला लावलं. सूर निघायच्या आधीच तिचा चेहरा बदलला. "एच्चिल," ती म्हणाली. तमिळमध्ये उष्ट्याला एच्चिल म्हणतात, आणि आमच्या घरात या शब्दापुढे अपील नसे. सरस्वतीपुढे उष्टं ठेवत नाहीत. वर मी शहाणपणानं सांगितलं की हे आधी लेस्टर वाजवायचा. मी देवळातल्या नागस्वराचा, म्हणजे आमच्याकडच्या सनईचा, दाखला दिला. ती म्हणाली, ते वाजंत्र्यांचं काम, ते माझ्या चुलीपाशी जेवायला बसत नाहीत. मग मी हुकमाचा पत्ता टाकला आणि कृष्णाच्या बासरीचं काय, म्हणून विचारलं.

"तो देव," आई म्हणाली. "त्याचं एच्चिल तर प्रसाद. तुझं काय रे?"

नवरात्र संपेपर्यंत सॅक्सोफोन तिण्णैवर राहिला. तिण्णै म्हणजे आमच्याकडची रस्त्यालगतची ओसरी, जिथं आल्यागेल्यानं टेकावं. आणि माझं पान स्वयंपाकघरातून उठून बाहेरच्या खोलीत आलं. ती रागावली नाही, बोलणं सोडलं नाही, वाढताना हात आखडला नाही. उलट मला आवडते म्हणून खीर दोनदा वाढली. फक्त लहानपणापासून चुलीपाशी तिच्यासमोर बसून जेवायचो, ते बंद झालं. पुढच्या प्रत्येक खेपेला माझं पान बाहेरच मांडलेलं असे. वाद्य सोड म्हणून ती कधी म्हणाली नाही, आणि सोडतो म्हणून मीही म्हणालो नाही. दोघंही एकाच मातीची. अप्पा आत जेवायचे आणि त्यांच्या भुरक्याचा आवाज मला बाहेर ऐकू यायचा. आज सांगतो, मला तो आवाज सहन होत नसे.

साठ सालानंतर पेरांबूरची अँग्लो-इंडियन घरं परदेशी जाऊन भराभर रिकामी होऊ लागली. लेस्टरचा मुलगा आधी पर्थला गेला, मागून लेस्टर. बंदरावर त्याला निरोप द्यायला गेलो तेव्हा तो कवळी न लावता आला होता, म्हणाला, बोटीत हसायला कुणाचं भय? तिकडे त्यानं धान्याच्या कोठारावर पहारेकऱ्याची नोकरी केली आणि वाद्याला पुन्हा हात लावला नाही, असं पुढे त्याच्या मुलाकडून कळलं. मी डेपो सोडून कोडंबाक्कमला सिनेमाच्या वाद्यवृंदात शिरलो. तिथं खलनायक पडद्यावर आला किंवा कुणी बाई सिगारेट ओढू लागली की माझा सॅक्सोफोन लागे. सज्जन पात्रांना व्हायोलिन. आईला हे मी कधी सांगितलं नाही, नाहीतर तिला आयतंच कोलीत मिळालं असतं.

अप्पा गेले आणि आई माझ्याकडे मद्रासला आली. माझं लग्न व्हायचं होतं, बाजेवाल्याला मुलगी कोण देणार म्हणून. तिरुवल्लिकेणीतच देवळामागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर घेतलं होतं. ती यायच्या आधीच मी पेटी मागल्या व्हरांड्यात, धुण्याच्या दगडावरच्या फळीवर ठेवली. तिनं आल्या आल्या ती पाहिली आणि दुपारी माझं पान बाहेरच्या खोलीत मांडलं. घर माझं, भाडं माझं, आणि मी आपल्याच घरात पाहुणा. ती आत एकटी जेवायची. या शहरात तिला ओळखीचं कुणी नव्हतं, बोलायला मी एकटा, आणि आमच्यामध्ये एक भिंत. तिच्या हट्टाची मला चीड यायची आणि तिची कीवही यायची.

एका कार्तिकात समुद्रावरून वादळ आलं. मद्रासला ते नवं नाही. मी सकाळी वाद्य घरी ठेवून निघालो होतो, कारण त्या दिवशी सगळं रेकॉर्डिंग सज्जन पात्रांचं होतं. दुपारी गुडघाभर पाण्यातून घरी पोचलो तेव्हा मागल्या व्हरांड्याचं छप्पर उडालेलं, फळी रिकामी. गटाराच्या पाण्यात हात घालून पेटी चाचपडत होतो तेव्हा आतून आईनं हाक मारली.

पेटी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लागून, कोरड्या पाटावर होती. उघडी. सॅक्सोफोन कोरडा ठणठणीत पुसलेला, तोंडाचा तुकडा वेगळा काढून तिच्या सोवळ्याच्या पांढऱ्या फडक्यावर ठेवलेला. आईच्या केसांतून पाणी निथळत होतं.

"भिजत होतं," ती म्हणाली. "आत आणलं, पुसलं. मग पुन्हा न्हाले. अव्वळवुदान."

म्हणजे एवढंच. त्यापलीकडे तिनं या विषयावर कधी काही म्हटलं नाही. उष्टं ते उष्टंच, तिनं ते बदललं नव्हतं. त्या वादळात, थंड पाण्यानं, त्या वयात न्हाली होती ती त्यासाठीच.

मी कपडे बदलून आलो. पान नेहमीसारखं बाहेरच्या खोलीत मांडलं होतं. शेजारी दुसरं पान होतं. आई पातेली एकेक करून बाहेर घेऊन आली, मला वाढलं, स्वतःला वाढून घेतलं आणि माझ्यासमोर बसली. जेव, भात निवतोय, म्हणाली.

ती गेली त्यालाही आता खूप काळ झाला. सरस्वतीपुढे तिनं वाद्य शेवटपर्यंत ठेवू दिलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. माझे पुढचे दात लेस्टरच्या वाटेनं गेले आणि सॅक्सोफोन पेटीत पडून आहे. पुढे उशिरा का होईना माझं लग्न झालं; मुलं आता दूर देशी, बाटलीला तोंड लावून पाणी पितात. मी मात्र अजून लोटी उंच धरतो आणि सदरा भिजवून घेतो.

तंजावरचे लोक मला मद्रासवाला म्हणतात, मद्रासचे तंजावरवाला. घर कुठलं असं कुणी विचारलं की मला दोन्ही गावं आठवत नाहीत. ती बाहेरची खोली आठवते. तंजावर ते मद्रास मी एका रात्रीच्या गाडीनं आलो होतो. आई स्वयंपाकघरातून त्या खोलीपर्यंत आली, ते अंतर माझ्या प्रवासापेक्षा पुष्कळ मोठं होतं.