उसाचं कांडं

मांजरसुंब्याला शेजारच्या ढाब्यावर तेव्हा नव्या कोल्ड्रिंकची पाटी लागली होती, तरी एस.टी. बदलताना मी त्या रसवाल्याच्याच रसवंतीवर थांबायचो. नाव कधी विचारलं नाही. मोळीतलं पहिलं कांडं तो नाकाशी धरायचा, डोळे मिटून हुंगायचा आणि मगच चरकात सारायचा.

त्याचा खालचा जबडा जन्मापासून मागे होता. समोरचे दात एकमेकांना टेकतच नसत. औरंगाबादला जबडा पुढे आणायचं ऑपरेशन झालं, सूज उतरली, तेव्हा मी मोठ्या आशेनं विचारलं, "जमलं का?"

तो हसला. दातांत फट अजून होतीच.

"लई पुढं आलाय, पर पुरा न्हाई. डाक्टर म्हणले, हाड बारीक हाय, त्याच्यातून नस जाती. आनखी वढलं तर हाड जुळायचं न्हाई, व्हट बधिर हुईल."

"पण चेहरा छान दिसतोय की."

"चेहरा कुनाला पायजे होता?" त्यानं कांडं हुंगलं. "रस तर रोजच पितो, मालक. मला एकदा ऊस खायाचाय."

आणि ते कांडं त्यानं चरकात सारलं.

अजूनही दातांनी ऊस सोलायला घेतला, की माझेच वरचे दात खालच्यांना टेकल्याचा आवाज मला ऐकू येतो.