ताक कुठं लिहायचं?

गेल्या सोमवारी लातूरच्या डायलिसिस वॉर्डात निलंग्याच्या एका आईला खोटारडी ठरवलं गेलं. माझ्याही घरचं माणूस तिथं डायलिसिसला असतं, म्हणून मी तिला दर खेपेला भेटते. लेकीला पाणी मोजूनच चालतं, ते दवाखान्यानं दिलेल्या मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये भरताना ती फोनशी भांडते, "हाव रे बाबा, एकच गिलास!" अ‍ॅप फक्त पाणी विचारतं, म्हणून लेकीनं प्यालेलं ताक तिनं धरलंच नाही. फोनवर सगळं ठीक असल्याची हिरवी खूण होती, तरी लेकीचे सुजलेले डोळे बघून तिनं पहिली एसटी धरली.

"खोटं भरता?" सूज आणि अ‍ॅपमधला आकडा जुळेना, तसे डॉक्टर ओरडले.

"ताकाला पाणी कोण म्हणतं, साहेब?"

डायलिसिस वेळेवर झालं. पोरगी आता खिदळून राहिली.

वाचकहो, तुमच्या दवाखान्यात जाऊन जाब विचारा: असं अ‍ॅप आणण्याआधी एका तरी आईशी बोललात का?