घरचा कॉल शेवटी

आमच्या घरात रेडिओचा सेट एक, कॉम्प्युटर एक आणि हॅम दोन. हॅम म्हणजे परवाना काढून हौसेपोटी हवेतून जगाशी बोलणारी माणसं. प्रत्येकाला सरकारकडून आपलं कॉलसाइन, म्हणजे हवेतलं नाव, मिळतं. माझं नि यांचं फक्त शेवटच्या अक्षरात वेगळं. बरकतपुऱ्यातल्या आमच्या गच्चीवरची अँटेना बघून नवा भाडेकरू हमखास विचारायचा, "ये क्या लगाए जी?" आणि हे खुशाल त्याला तासभर समजावत बसायचे.

शहरातल्या सगळ्या हॅमशी रेडिओवर बोलून झालं की आमचा क्लब प्रशस्तिपत्र देतो. कोणाशी बोललो ते कॉम्प्युटरवर नोंदवायचं, हिशेब क्लबच्या वेबसाइटवर आपोआप होतो. यांना त्या कागदाचं भारी वेड, पण आकडा काही केल्या हलायचा नाही. "अगं, बोललो की मी त्यांच्याशी!" म्हणून चिडायचे, आणि मी वर चिडवायची, "माझा बघा कसा टणाटण वाढतोय."

मला मात्र यांनी अजून हाक मारली नव्हती. एकाच घरात, एकाच सेटवर कोण कुणाला हाक मारणार? त्यासाठी हातात मावणारा छोटा सेट मुद्दाम आणून ठेवला होता. "सगळे संपू देत, मग बेगम बाजारात जाऊन तिथून तुला कॉल करतो. घरचा कॉल शेवटी." मी म्हणायची, "तिथवर जाताच आहात तर आधी हिंग घ्या, मग हाका मारा."

गेल्या वर्षी हे झोपेतच गेले. काय बोलायचं राहिलं ते विचारायलाही सवड दिली नाही. वर्षश्राद्धाआधी ते प्रशस्तिपत्र मिळवून फोटोशेजारी लावायचं, एवढं एकच मी डोक्यात घेतलं आणि क्लबच्या मागे हात धुऊन लागले. शेवटी तो हिशेब सांभाळणारी, पुण्याहून इथं आयटीत आलेली बाई आमच्या घरीच आली. तिनं जुन्या नोंदी उघडल्या आणि हसायलाच लागली.

"काकू, काकांच्या नोंदी तुमच्या खात्यात पडल्यात!"

मी सेटवरून उठले की हे बसायचे. तोंडानं स्वतःचं कॉलसाइन सांगायचे, पण कॉम्प्युटरवर माझंच लावलेलं असायचं, ते बदलायचं यांच्या गावीही नसायचं. कर्म माझं! समोरच्यांनी मात्र आपापल्या नोंदीत यांचंच कॉलसाइन लिहिलं होतं. ते ताडून बघत ती एकेक नोंद माझ्याकडून काढून यांच्याकडे टाकत गेली. माझा आकडा उतरत होता, यांचा चढत होता, आणि मला इतका आनंद झाला की गॅसवर चहा ठेवलाय हेच विसरले.

मग ती थांबली.

"काकू, एक बाकी आहे."

"कोण?"

तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवला. माझंच कॉलसाइन होतं.

ती हळूच म्हणाली, "टाकू का एंट्री? तुमची दोघांची, कोण विचारतंय?"

"नक्को," मी म्हटलं. "बोललो नाही ते नाही. त्यांना असलं चाललं नसतं."

ती गेल्यावर मी कपाटातून तो छोटा सेट काढला. त्या मेल्या आकड्याचा असा संताप आला म्हणून सांगू! तो बघूनच हे थांबले होते. यांना वाटत होतं, अजून बरेच जण बाकी आहेत, माझी पाळी यायला वेळ आहे. खरा आकडा दिसला असता तर हे त्याच दिवशी चपला घालून बेगम बाजाराला निघाले असते.

सेटची बॅटरी केव्हाच उतरली होती. तरी मी बटण दाबलं.

"अहो," मी म्हटलं, "मीच तेवढी राहिले होते हो."